आरंभीच्या बायझंटाइन चर्चमधल्या मोझेक फरशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य; त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. चौथ्या ते आठव्या शतकांत भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या प्रदेशांत शेकडो चर्च उभी राहिली. आजच्या जॉर्डन, इस्रायल, पॅलेस्टाइन, सीरिया, तुर्कस्तान, लिबिया आणि ग्रीस या देशांत त्यांचे अवशेष सापडतात. भूकंपांत छपरं पडली, भिंतींचे दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले, पण फरशा ढिगाऱ्याखाली टिकल्या. त्यामुळे त्या काळच्या साध्या गावातल्या चर्चबद्दल जे काही कळतं, त्यातलं बरंचसं फरशीवरूनच कळतं. जॉर्डनला जाऊन आलेल्या, किंवा जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे मोझेक म्हणजे आपल्या जुन्या इमारतींतल्या मोझेक टाइल्स का?

नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतल्या टाइल्समध्ये सिमेंटात संगमरवराची बारीक खडी मिसळून ती साच्यात दाबतात आणि वरून घासतात. खडी कुठे पडेल ते कुणी ठरवत नाही. बायझंटाइन फरशीत प्रत्येक खडा हाताने फोडलेला, रंग पाहून निवडलेला आणि ठरलेल्या जागी एकेक करून बसवलेला असतो.

अशी फरशी तयार कशी करत?

आधी जमीन चोपून सपाट करायची. तिच्यावर मोठ्या गोट्यांचा थर, त्यावर चुना आणि खडीचा थर, त्यावर बारीक चुन्याचा आणखी एक थर. रोमन काळापासून चालत आलेली हीच पद्धत होती. काही ठिकाणी चुन्यात राखही मिसळलेली आढळते. या थरांमुळे ओल वर येत नाही आणि फरशी खचत नाही. सर्वांत वर अगदी मऊ चुन्याचा पातळ लेप देत आणि तो ओला असतानाच खडे दाबून बसवत. लेप वाळायच्या आत जेवढं बसवता येईल, तेवढाच भाग एका वेळी हाती घ्यायचा. म्हणून कामाचा वेग चुन्याच्या वाळण्यावर ठरायचा.

नक्षीच्या रेषा आधी आखून घेत, कधी रंगाने, कधी ओल्या चुन्यात टोकदार हत्याराने ओरखडून. दोऱ्या ताणून चौकटी पाडत. इस्रायलमधल्या लोद इथे सुमारे इ.स. 300 च्या एका घरातली फरशी 2009 मध्ये उचलली, तेव्हा खालच्या चुन्यात रेषा तर होत्याच, पण कारागिरांच्या अनवाणी पावलांचे आणि चपलांचे ठसेही होते. ती फरशी चर्चची नाही आणि थोडी आधीची आहे, पण कामाची रीत तीच.

खड्याची बाजू साधारण एक सेंटिमीटर असते. चेहरा किंवा हात काढायचा झाला की कारागीर एकदम बारीक खड्यांवर येतो. फरशी पाहताना ही गोष्ट मुद्दाम पाहावी: खडे कुठे लहान झाले ते शोधलं, की कारागिराने कशावर जीव ओतला ते कळतं. पार्श्वभूमीचे पांढरे खडेसुद्धा नुसते भरलेले नसतात. आकृतीच्या कडेने एक-दोन ओळी वळवून घेतात आणि मग पुढे माशाच्या खवल्यांसारखी कमानदार रचना सुरू होते.

रंग इतके टिकले कसे?

कारण ते दगडाचेच रंग आहेत. जॉर्डनच्या टेकड्यांत पांढरा, पिवळा, गुलाबी, लाल, करडा, काळा असा चुनखडीचा दगड जवळपासच मिळतो. निळा आणि गडद हिरवा मात्र दगडात सहज मिळत नाही, तिथे काचेचे खडे वापरत. पायांखाली काच लवकर झिजते, म्हणून ती बेताने वापरलेली दिसते. भिंतीवरचं सोनेरी, चकाकतं मोझेक वेगळं. तिथे कुणी चालत नाही, त्यामुळे काच आणि सोन्याचा वर्ख मनसोक्त वापरता येतो.

फरशीवर येशूचं किंवा मरियेचं चित्र का नसतं?

पवित्र गोष्टीवर पाय पडू नये म्हणून. इ.स. 427 मध्ये सम्राट थिओडोसियस दुसरा याने कायदाच केला: तारणाऱ्याचं चिन्ह जमिनीवर, फरशीच्या दगडात किंवा संगमरवरात कोरू अथवा रंगवू नये, आणि असेल तिथून काढून टाकावं. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहातही हा नियम घेतला गेला. तरीही क्रूस असलेल्या फरशा सापडतातच. राजधानीतला हुकूम दूरच्या प्रांतांत किती पाळला गेला, याचा अंदाज त्यावरून येतो.

काही चर्चनी तर सुरुवातीपासूनच आकृत्या टाळल्या. अँटिओकजवळच्या (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या) कौसिये इथलं क्रूसाच्या आकाराचं चर्च घ्या. तिथली इ.स. 387 ची फरशी सगळी भौमितिक नक्षीची आहे.

मग चित्रं असतात तरी कशाची?

जमिनीची, समुद्राची, झाडांची, जनावरांची, शेतात राबणाऱ्या माणसांची. वर वेदी आणि घुमट स्वर्गाचे, खाली फरशीवर निर्माण केलेली सृष्टी, अशी ही वाटणी आहे. माझ्या मते या फरशा समजून घेण्याची किल्ली हीच आहे. पवित्र व्यक्तींना जमिनीवर जागा नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेत सगळं जग आलं.

वायव्य ग्रीसच्या एपिरसमधल्या निकोपोलिसच्या डुमेटिओस बॅसिलिकात सहाव्या शतकातल्या फरशीवर मधोमध झाडं आणि पक्षी आहेत, आणि भोवती मासे, पक्षी, मच्छीमार असलेलं पाणी आहे. सोबतचा ग्रीक लेख सांगतो की ही पृथ्वी आणि तिला वेढणारा महासागर आहे. जॉर्डनमधल्या मादाबा शहरातल्या प्रेषितांच्या चर्चमध्ये (इ.स. 578) मधल्या गोलात थालास्सा, म्हणजे सागर, स्त्रीरूपात लाटांतून वर येते. जॉर्डनमधल्याच पेट्राच्या चर्चमध्ये ऋतू आहेत, महासागर आहे, पृथ्वी आहे. ग्रीक परंपरेतली ही रूपं बिशपांच्या देखरेखीखाली चर्चच्या जमिनीवर आली आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही. मादाबातच एका श्रीमंत घराच्या दालनात प्रेमाची ग्रीक देवी अफ्रोडाइट बाळ इरॉसला चपलेने मारायला निघालेली दिसते. ते दालन पुढे मरियेच्या चर्चच्या खाली गेलं.

माझी सर्वांत आवडती फरशी नबो पर्वतावरची आहे. बायबलमधल्या मोशेने मरणापूर्वी देवाने वचन दिलेला देश पाहिला तो हा डोंगर. तिथल्या जुन्या बाप्तिस्मागृहातली फरशी इ.स. 530 ची आहे. पुढे तिच्यावर भर घालून नवी फरशी केली गेली, त्यामुळे 1976 मध्ये खालची उघडी पडली ती जवळजवळ अखंड. ओळीने चार पट्ट्या आहेत. वशिंडाचा बैल बांधलेला आहे आणि गुराखी सिंहाशी झुंजतो आहे. त्याखाली घोडेस्वार अस्वलावर आणि रानडुकरावर भाले रोखून आहेत. मग झाडाखाली बसलेला मेंढपाळ आणि पाला खाणाऱ्या शेळ्या-मेंढ्या. सर्वांत खाली एक आफ्रिकी माणूस दोरीला बांधलेला शहामृग धरून आहे आणि दुसरा तरुण एक झेब्रा आणि एक ठिपक्यांचा उंट घेऊन चालला आहे. हा उंट म्हणजे जिराफ! कारागिराने जिराफ कधी पाहिला नसावा. उंट आणि बिबट्या यांना जोडून बनलेलं त्याचं ग्रीक नाव त्याने ऐकलं आणि तसं चित्र काढलं, असं त्या प्राण्याकडे पाहताना वाटत राहतं. कारागिरांची नावं फरशीवरच आहेत: सोएलोस, कायोमोस आणि एलियास.

प्रत्येक प्राण्याचा धार्मिक अर्थ असतो का?

काहींचा असतो. कलशातून उगवलेल्या द्राक्षवेलीचा, समोरासमोर उभ्या मोरांचा, पाण्याशी आलेल्या हरणांचा. स्वर्गातल्या चार नद्या नावांसह काढलेल्या असल्या की शंकाच नको. पण ससा पकडणारा कुत्रा किंवा टोपलीत द्राक्षं भरणारा गडी यातून प्रत्येक वेळी गूढ अर्थ काढणं मला पटत नाही. द्राक्षं तुडवणाऱ्या माणसांच्या गावात द्राक्षं तुडवणारी माणसं फरशीवर आली, हेही पुरेसं कारण आहे.

मादाबाच्या नकाशाचं एवढं कौतुक का?

पवित्र भूमीचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना तपशीलवार नकाशा आहे, आणि तो चर्चच्या जमिनीवर आहे. 1880 च्या दशकात जॉर्डनमधल्याच करकहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ओसाड मादाबा पुन्हा वसवलं. जुन्या चर्चच्या जागी नवं सेंट जॉर्ज चर्च बांधताना नकाशा पुढे आला. 1896 मध्ये ते चर्च पूर्ण झालं. तोवर नकाशाचा मोठा भाग गेला होता. मूळ नकाशा सुमारे 21 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद असावा आणि त्यात वीस लाखांहून अधिक खडे असावेत असा अंदाज केला जातो. आज त्यातले तुकडेच उरलेत, तरीही सुमारे 150 ग्रीक नावं वाचता येतात.

नकाशात पूर्व दिशा वर आहे. चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, त्यामुळे वेदीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला नकाशातली पूर्व आणि खरी पूर्व एकाच बाजूला मिळते. हे जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मध्यभागी जेरुसलेम आहे. लंबवर्तुळाकार तटबंदी, उत्तरेच्या दरवाजाच्या आत चौकात उभा एकटा खांब, तिथून शहराच्या आरपार गेलेला खांबांच्या रांगांचा रस्ता आणि त्याच्या मधोमध येशूच्या पवित्र कबरीचं चर्च. हे चर्च उलटं काढलं आहे, म्हणजे त्याच्या पायऱ्या रस्त्याला टेकतात. दक्षिणेकडे ‘निआ’, म्हणजे देवमातेचं नवं चर्च दिसतं. त्याचा समर्पणविधी 20 नोव्हेंबर 542 ला झाला होता, त्यामुळे नकाशा त्यानंतरचा हे नक्की. या चर्चचा आणि त्या रस्त्याच्या दक्षिण टोकाचा पत्ता शेकडो वर्षं कुणाला नव्हता. 1970 च्या दशकातल्या उत्खननात दोन्ही सापडले, नकाशाने दाखवले होते तिथेच.

मृत समुद्रात दोन होड्या आहेत. यार्देन नदीतला एक मासा समुद्राच्या तोंडाशी पोचून माघारी वळला आहे, कारण त्या खारट पाण्यात तो जगणार नाही. नदीवर दोर लावून चालवायची होडीही दाखवली आहे. हा नकाशा यात्रेकरूंना वाट दाखवण्यासाठी होता की बायबलमधली सगळी भूमी एका नजरेत आणण्यासाठी, यावर वाद आहे. मला दुसरं अधिक पटतं, कारण रस्ते आणि अंतरं त्यात दाखवलेली नाहीत.

ताब्गाच्या फरशीवर बुट्टीत चारच भाकरी का?

इस्रायलमधल्या गालील सरोवराकाठच्या या चर्चमध्ये वेदीपाशी बुट्टी आणि दोन मासे आहेत. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू पाच भाकरी आणि दोन मासे यांवर हजारो लोकांना जेवू घालतो. पाचवी भाकर वेदीवरच असते, असं तिथे परंपरेने सांगतात, आणि ते उत्तर सुंदर आहे. पण ताब्गाला जाऊन फक्त बुट्टी पाहून परतू नका. बाजूच्या भागांत कमळांत बसलेले बगळे, बदकं आणि नाईलच्या पुराची पातळी मोजणारा मनोरा आहे. गालीलच्या काठावर इजिप्तची नदी!

खर्च कोण करायचं?

गावकरी. फरशीवरचे लेख वाचले की देणगीदारांची यादीच समोर येते: पुजारी, सैनिक, व्यापारी, विधवा, अख्खी कुटुंबं. उत्तर इटलीतल्या ग्रादोच्या सांता युफेमिया चर्चमध्ये (इ.स. 579) तर कुणी किती फूट फरशी घातली तेही नावापुढे लिहिलं आहे. ज्याची ऐपत जेवढी तेवढे फूट. जॉर्डनमधल्या जेराशला संत कॉस्मस आणि डेमियन यांच्या चर्चमध्ये (इ.स. 533) थिओडोर आणि त्याची पत्नी जॉर्जिया यांची चित्रंच आहेत. जॉर्जिया हात वर करून प्रार्थना करते आहे.

कारागिराची मजुरी फार नव्हती. इ.स. 301 च्या रोमन सम्राट डायोक्लेशनच्या दरपत्रकात फरशी बसवणाऱ्याला जेवणासह दिवसाला 50 दिनार, भिंतीवर मोझेक करणाऱ्याला 60, चित्र रंगवणाऱ्याला 150 आणि शेतमजुराला 25 असे कमाल दर दिले आहेत. पण मादाबाच्या प्रेषितांच्या चर्चमधला लेख पाहा. स्वर्ग आणि पृथ्वी घडवणाऱ्या देवाकडे अनास्तासियस, थॉमस आणि थिओडोरा यांच्यासाठी आयुष्य मागितलं आहे, आणि त्याच दमात मोझेककार सलामानसाठीही. देणगीदार आणि मजूर एका प्रार्थनेत! राजेलोकांच्या इतिहासात ही माणसं कुठेच भेटत नाहीत, फरशीवर भेटतात. मला या फरशांची ओढ लागली ती अशा लेखांमुळे.

फरशीचं वर्ष इतकं नेमकं कसं कळतं?

लेखात ते दिलेलं असतं. जॉर्डनमध्ये ‘अरेबिया प्रांताचा’ शक वापरत. रोमनांनी इ.स. 106 मध्ये हा प्रांत केला, तिथून मोजणी. त्या वर्षात 105 मिळवले की साधारण आपलं इसवी सन येतं. जोडीला करवसुलीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातलं वर्षही लिहीत, त्यामुळे पडताळा घेता येतो. आकडे ग्रीक अक्षरांत असतात, आणि एखादं अक्षर झिजलं किंवा जुन्या डागडुजीत बदललं की घोटाळा होतो. उम्म अर-रसास इथल्या सेंट स्टीफन चर्चच्या मुख्य दालनाचं वर्ष 785 की 718 हा वाद याच कारणामुळे झाला.

चित्रांतले चेहरे विस्कटलेले का दिसतात? कुणी नासधूस केली का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं झटपट दिलं जाणारं उत्तर चुकीचं आहे. ‘मुसलमान आले आणि त्यांनी चित्रं फोडली’ असं अनेक गाइड सांगतात. फरशी तसं सांगत नाही.

नीट पाहिलं तर दिसतं की माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृत्यांमधले खडे काळजीपूर्वक काढले, आणि बहुतेक वेळा तेच खडे उलटसुलट करून त्याच जागी पुन्हा बसवले. आकृतीची बाह्यरेषा शाबूत राहते, आतलं रूप पुसलं जातं. भोवतालची नक्षी, इमारती, लेख, काहीही बिघडत नाही. नासधूस करायला आलेला माणूस खड्डा करून निघून जातो, चुना कालवून दुरुस्ती करत बसत नाही. ज्यांना ती फरशी पुढेही वापरायची होती त्यांचं, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचंच हे काम आहे. चर्च त्यानंतरही चालू राहिली.

हे घडलं आठव्या शतकात, उमय्या आणि नंतर अब्बासी खलिफांच्या मुस्लिम राजवटीत. खलिफा यझीद दुसरा याने इ.स. 721 च्या सुमारास सजीवांच्या प्रतिमांविरुद्ध आदेश काढला होता, त्याच्याशी याचा संबंध जोडतात. सजीवांचं चित्रण नको ही भावना त्या काळी मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती अशा सगळ्याच शेजाऱ्यांत जोर धरत होती. आदेश, शेजाऱ्यांचं मत आणि स्वतःची शंका यांतलं कुठलं कारण कोणत्या गावात किती भारी ठरलं, हे सरसकट ठरवता येत नाही.

जॉर्डनमधल्या मआइनच्या चर्चमध्ये सिंह आणि बैल एकत्र पेंढा खातील हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन होतं, शेजारी चित्रही. बैलाच्या जागी झाडोरा बसवला गेला, पण त्याचे खूर आणि शेपूट तसेच राहिले! उम्म अर-रसासला देणगीदारांची चित्रं आणि शिकारी गेले, पण चौकटीतल्या शहरांची चित्रं वाचली, कारण त्यांत जिवंत काही नाही. जेरुसलेम, नाब्लुस, गाझा, अश्कलोन, मादाबा असं एकेक शहर तिथे नावासह उभं आहे. आणि त्याच चर्चच्या वेदीपुढची फरशी इ.स. 756 ची आहे, म्हणजे अरब विजयानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बसवलेली. हे ठिकाण 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

यहुदी सभास्थानांतल्या फरशा अशाच दिसतात, ते कसं?

कारागीर तेच किंवा एकाच परंपरेतले होते. गाझाच्या सभास्थानातली इ.स. 508 च्या सुमाराची फरशी आणि तिथून जवळच्या शेल्लाल इथल्या चर्चची इ.स. 561-562 ची फरशी शेजारी ठेवून पाहा. कलशातून निघालेली वेल आणि तिच्या गोलगोल वळणांत बसवलेले प्राणी, मांडणी तीच.

हागिया सोफियात अशी फरशी आहे का?

नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या या भव्य चर्चमध्ये प्रोकोनेसस बेटावरच्या संगमरवराच्या मोठ्या लाद्या आहेत. श्रीमंत राजधानीला संगमरवर परवडत होता, प्रांतांतल्या गावांना स्थानिक चुनखडीचे खडे.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

थेट नाही, पण एक धागा खरा आहे. निकोपोलिसची फरशी आणि मादाबाचा नकाशा तयार झाले त्याच सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातला कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टस ग्रीकमध्ये जगाचं वर्णन लिहीत होता. त्याच्या मते पृथ्वी सपाट, आयताकृती आणि चहूबाजूंनी महासागराने वेढलेली आहे. निकोपोलिसच्या फरशीशी हे वर्णन इतकं जुळतं की अभ्यासक दोन्ही सोबत ठेवून वाचतात. याच कॉस्मसने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ बंदराचा आणि तिथल्या, इराणातून नेमल्या जाणाऱ्या बिशपचा उल्लेख केला आहे. ते बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

फरशी उचलून संग्रहालयात नेणं चांगलं की जागेवर ठेवणं?

जागेवर. शेल्लालची फरशी पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या सैनिकांना सापडली. ती उचलून नेली आणि आज ती कॅनबेराच्या युद्धस्मारकात भिंतीवर आहे. ती जपली गेली हे खरं. पण दार कुठे होतं, वेदी कुठे होती, प्राणी कुणाकडे तोंड करून होते, हे सगळं तिच्यापासून सुटलं. गेल्या शतकात उचललेल्या कितीतरी फरशा लोखंडी सळया घातलेल्या सिमेंटवर बसवल्या गेल्या. सळया गंजून फुगल्या आणि फरशा तडकल्या. आता चुन्याचा गारा वापरून शक्यतो जागेवरच दुरुस्ती करतात. मादाबात या कामाचं शिक्षण देणारी संस्था आहे. नबो, मादाबा आणि उम्म अर-रसास इथे आयुष्य घालवणारे फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञ मिकेले पिच्चिरिल्लो (1944–2008) यांचा या शिक्षणामागे मोठा हात होता.

जॉर्डनला जातोय. कुठून सुरुवात करू?

अम्मानहून मादाबा सुमारे 30 किलोमीटर आहे. तिथे मुक्काम केला तर नबो आणि उम्म अर-रसास दोन्ही सोयीचे पडतात. बहुतेक सहली मादाबाला नकाशापुरत्याच थांबतात. प्रेषितांचं चर्च आणि पुरातत्त्व उद्यान पाहायला वेगळा वेळ मागून घ्या. सेंट जॉर्ज हे चालू ऑर्थोडॉक्स चर्च आहे, तेव्हा रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जाऊ नका आणि खांदे झाकलेले असू द्या.

उघड्यावरच्या काही फरशांवर मुद्दाम वाळू किंवा माती पसरलेली असते. ऊन, पाऊस आणि गवताच्या मुळांपासून त्या वाचाव्यात म्हणून तसं करतात, तेव्हा ती हाताने बाजूला सारू नका. रंग खुलावेत म्हणून फोटोसाठी फरशीवर पाणी ओतू नका आणि कुणी ओतायला निघालं तर थांबवा. खडे त्याने सुटतात. फरशी तिरप्या उन्हात, सकाळी किंवा दुपार कलल्यावर पाहा. आणि दारापाशी उभं राहून वेदीकडे पाहत सुरुवात करा, कारण बहुतेक लेख आत येणाऱ्याला सरळ वाचता येतील असेच बसवलेले आहेत.